नवे नाव, जुने खडे

‘ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वरवर पाहता ती शिष्टाचाराची गोष्ट वाटते. पण जरा थांबून पाहिले तर तिच्यात एक मोठा नैतिक निवाडा दडलेला दिसतो. माणसाची पारख त्याच्या उगमावरून करू नका, आज त्याच्या काठावर उभे राहिल्यावर पाणी कसे लागते यावरून करा, असे ही म्हण सांगते. गंमत अशी, की हीच म्हण तोंडी असणारे आपण लोक सोयरीक जुळवताना मात्र सात पिढ्यांचे मूळ खणून काढतो. भाडेकरू ठेवताना, दुकानात नोकर ठेवताना, शेजारी नवे बिऱ्हाड आले म्हणजे, ‘मूळचे कुठले?’ हाच पहिला प्रश्न असतो. मूळ विचारू नये असेही आपल्याला वाटते आणि विचारल्यावाचून राहवतही नाही. या दोन ओढींपैकी न्याय्य कोणती, हा प्रश्न एका लेखिकेच्या आयुष्याच्या आधाराने तपासून पाहावा, असा या लेखाचा हेतू आहे. ही लेखिका खुनाच्या कादंबऱ्या लिहीत असे; आणि ज्या नावाने लिहीत असे, ते तिचे जन्मनाव नव्हते.

टोपणनाव हा प्रकार मराठी वाचकाला मुळीच नवा नाही. कृष्णाजी केशव दामले यांना आपण केशवसुत म्हणतो, शिरवाडकरांना कुसुमाग्रज, खानोलकरांना आरती प्रभू. राम गणेश गडकऱ्यांना तर एक नाव पुरले नाही. कवितेला गोविंदाग्रज, विनोदाला बाळकराम आणि नाटकाला स्वतःचे, अशी त्यांची वाटणी होती. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले, तेव्हा ‘या विभावरी शिरूरकर कोण?’ या प्रश्नाने सुशिक्षित मराठी समाज ढवळून निघाला. त्या नावामागे बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, होत्या. लिहिले होते ते खरे होते, म्हणूनच त्यांना नावाची ढाल घ्यावी लागली. आणि ज्यांच्या पुस्तकांची पाने वाचनालयांतून हाताळून हाताळून सुटी झाली, ते रहस्यकथाकार बाबूराव अर्नाळकर म्हणजे चंद्रकांत सखाराम चव्हाण. त्यांचा धनंजय, त्यांचा झुंजार आणि त्यांचा काळा पहाड घरोघर ठाऊक. लेखकाचे खरे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक. एवढ्यावरून आपण फसवले गेलो असे कोणाही वाचकाला कधी वाटले नाही.

विलायतेत सेसिल डे-लुईस नावाचे कवी होते. तरुणपणी ते शाळामास्तर होते. घराचे छप्पर गळत होते, दुरुस्तीला पैसे हवे होते. म्हणून १९३५ साली त्यांनी निकोलस ब्लेक या नावाने एक रहस्यकादंबरी लिहिली. खून घडवला तोही एका शाळेत! मास्तरमंडळींच्या मनात कधी काय येते, याचा हा पुरावा मानायला हरकत नाही. पुढे ब्लेक यांची पुस्तके खपत राहिली आणि डे-लुईस १९६८ साली ब्रिटनचे राजकवी झाले. कवीची प्रतिष्ठा एका नावाने सांभाळली, घराचे छप्पर दुसऱ्या नावाने. यातही कोणाचे काही बिघडले नाही.

म्हणजे संकोच, पोटापाण्याची सोय आणि समाजाच्या रोषापासून संरक्षण ही टोपणनावाची तीन साधी कारणे झाली. तिन्हींत एक गोष्ट समान आहे. नाव दोन असले तरी माणूस एकच असतो आणि त्याला आपले पहिले नाव पुसून टाकायचे नसते. मी आता सांगणार आहे ती हकीकत चौथ्या प्रकारची आहे.

अ‍ॅन पेरी या नावाची पहिली कादंबरी १९७९ साली आली, ‘द केटर स्ट्रीट हँगमन’. काळ व्हिक्टोरिया राणीचा, गाव लंडन. पोलिस अधिकारी थॉमस पिट आणि खानदानी घरातली शार्लट यांची जोडी तिने उभी केली, आणि प्रतिष्ठित कुटुंबांच्या जाड पडद्यांआड काय काय झाकलेले असते ते पुस्तकामागून पुस्तक उलगडत नेले. पिट यांच्या मालिकेत तीसहून अधिक कादंबऱ्या झाल्या. १९९० साली सुरू केलेल्या दुसऱ्या मालिकेत वीसहून अधिक. अडीच कोटींच्या आसपास प्रती खपल्या. लेखिका स्कॉटलंडच्या उत्तर भागात पोर्टमाहोमॅक या समुद्रकाठच्या खेड्यात राहत होती. मॉर्मन पंथाची दीक्षा घेतलेली, लग्न न केलेली, नेमाने लिहिणारी अशी ही बाई. शेजाऱ्यांना याहून अधिक काही विचारायचे कारण नव्हते.

१९९४ साली न्यूझीलंडच्या पीटर जॅक्सन या दिग्दर्शकाचा ‘हेवनली क्रीचर्स’ हा चित्रपट आला. चाळीस वर्षांपूर्वी क्राइस्टचर्च शहरात झालेल्या एका खुनावर तो बेतलेला होता. त्या निमित्ताने जुन्या प्रकरणाची चर्चा सुरू झाली, आणि त्यातली एक मुलगी पुढे अ‍ॅन पेरी झाली, हे वृत्तपत्रांनी शोधून छापले. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, पंधरा वर्षे लेखिका म्हणून नाव कमावल्यावर, तिचे पहिले नाव तिच्या दाराशी येऊन उभे राहिले. ते नाव ज्यूलिएट ह्यूम.

मूळ घटना थोडक्यात अशी. ज्यूलिएटचा जन्म २८ ऑक्टोबर १९३८ चा, लंडनचा. वडील हेन्री ह्यूम नामांकित पदार्थवैज्ञानिक; क्राइस्टचर्चच्या विद्यापीठीय महाविद्यालयाचे प्रमुख म्हणून नेमले गेले, म्हणून कुटुंब न्यूझीलंडला गेले. मुलीला क्षयाची बाधा होती. लहानपणातली कितीतरी वर्षे हवापालटासाठी आईबापांपासून दूर गेली. तिथल्या मुलींच्या हायस्कुलात तिची पॉलिनशी मैत्री झाली. पॉलिनही हाडांच्या दुखण्यातून उठलेली. दोघी हुशार, दोघी एकट्या. दोघींनी मिळून काल्पनिक राज्ये रचली, त्यांच्या वंशावळी लिहिल्या, कादंबऱ्यांचे बेत केले. १९५४ साली ज्यूलिएटच्या आईवडिलांचा संसार मोडला आणि तिला दक्षिण आफ्रिकेला पाठवायचे ठरले. पॉलिनला बरोबर जायचे होते. तिची आई ते होऊ देणार नाही, असे दोघींच्या मनाने घेतले. २२ जून १९५४ च्या दुपारी, तिकडच्या हिवाळ्यात, आई आणि दोन मुली व्हिक्टोरिया पार्क नावाच्या डोंगरावरच्या उद्यानात गेल्या. तिथल्या उपाहारगृहात तिघींनी चहा घेतला. मग पायवाटेने खाली उतरल्यावर, मोज्यात घातलेल्या अर्ध्या विटेने मुलींनी आईला ठार केले. एका घावाने ते झाले नाही. वीसहून अधिक घाव घालावे लागले. पॉलिनच्या रोजनिशीत बेत लिहिलेला सापडला, तेव्हा अपघाताचा बनाव टिकला नाही.

वेडाचा बचाव न्यायालयाने मानला नाही. ऑगस्टमध्ये दोघी दोषी ठरल्या. न्यूझीलंडमध्ये तेव्हा फाशीची शिक्षा होती, पण अठरा वर्षांखालच्यांना ती देता येत नसे. म्हणून राणीची मर्जी असेपर्यंत कैद, अशी मुदत न ठरवलेली शिक्षा झाली. दोघींना वेगवेगळे ठेवले. पाच वर्षांनी, १९५९ साली, दोघी सुटल्या. ज्यूलिएट इंग्लंडला परतली, आईच्या पुढच्या संसारातले पेरी हे आडनाव तिने घेतले आणि अ‍ॅन पेरी झाली. विमानात परिचारिकेची नोकरी केली, काही वर्षे अमेरिकेत काढली, आणि लहानपणापासून जे करायचे होते ते, म्हणजे लेखन, चाळिशीत साधले. १० एप्रिल २०२३ रोजी लॉस एंजेलिस इथे ती वारली. तेव्हा तिचे वय ८४ होते.

आता प्रश्न.

पहिला प्रश्न वाचकाचा. आपण फसवले गेलो का? खून कसा होतो, खुन्याच्या मनात काय चालते, हे ती लिहीत होती आणि आपण कल्पनाशक्तीला दाद देत होतो. १९९० च्या ‘द फेस ऑफ अ स्ट्रेंजर’ या कादंबरीत विल्यम मंक नावाचा पोलिस अधिकारी रुग्णालयात जागा होतो. अपघातात त्याची सारी स्मृती गेलेली आहे. आपण कोण होतो हे त्याला इतरांच्या चेहऱ्यांवरून वाचावे लागते, आणि जे वाचायला मिळते ते सुखावह नाही. लोक त्याला भितात. हातात आलेल्या खुनाचा तपास करता करता त्याला भीती वाटू लागते, की हा खून आपणच तर केला नसेल? १९९४ पूर्वी ज्याने ही कादंबरी वाचली त्याला ती एक नामी युक्ती वाटली असेल. १९९४ नंतर ती युक्ती म्हणून वाचताच येत नाही. पण पुस्तकातला एकही शब्द बदललेला नाही. बदलले ते आपले वाचन. तेव्हा फसवणुकीची तक्रार टिकत नाही. तिने आपल्या गुन्ह्याची हकीकत लिहून तिचा पैसा केला नाही. मसाला म्हणून आपले जुने नाव विकले नाही. उलट, ते नाव विकून आणखी लाखभर प्रती खपल्या असत्या. माणसाला आपले गतायुष्य भूल पडल्यासारखे परके वाटू शकते आणि तरी त्याची जबाबदारी टळत नाही, ही गोष्ट तिने कथेच्या वाटेने सांगितली. वाचकाचा जो हक्क होता तो त्याला मिळाला.

दुसरा प्रश्न कठीण आहे. खून केलेल्या माणसाला नवे नाव घेण्याचा अधिकार आहे का?

कायद्याचे उत्तर आज बऱ्याच अंशी ‘आहे’ असे आहे. आपल्या देशात २०१५ चा बाल न्याय कायदा गुन्ह्यात सापडलेल्या मुलाचे नाव छापू देत नाही. मुलाला नवी सुरुवात मिळावी हे तत्त्वच त्या कायद्यात घातले आहे. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या भयंकर प्रकरणानंतर त्याच कायद्यात, सोळा वर्षे पूर्ण झालेल्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची वाटही ठेवली गेली. क्राइस्टचर्चच्या प्रकरणाला हा कायदा लावून पाहा. त्या दिवशी पॉलिनला सोळावे पूर्ण होऊन महिनाही झाला नव्हता. ज्यूलिएटला सोळा पूर्ण व्हायला चार महिने उरले होते. एकाच मोज्यातली एकच वीट; पण एकीवर प्रौढाचा खटला चालू शकला असता, दुसरीवर नाही. रेषा कुठेतरी ओढावीच लागते, हे खरे. पण कायद्याची रेषा म्हणजे नीतीचे उत्तर नव्हे, हेही यावरून कळते.

आमच्या शाळेच्या व्यवहारातले एक उदाहरण इथे उपयोगी पडेल. मूल शाळा सोडून जाते तेव्हा त्याला दाखला देतात. त्यात ‘वर्तणूक’ असा एक रकाना असतो. त्यात बहुतेक वेळा ‘चांगली’ असेच लिहिले जाते. ज्याने वर्गमित्राचे डोके फोडले त्याच्याही, ज्याने परीक्षेत चिठ्ठ्या नेल्या त्याच्याही. हा खोटेपणा आहे, असे काटेकोर माणूस म्हणेल. मला तसे वाटत नाही. त्या अपराधांची शिक्षा त्या त्या वेळी झालेली असते. दाखला हा मुलाचा इतिहास नसतो. पुढच्या शाळेचे दार उघडावे म्हणून दिलेला तो परवाना असतो. त्यावर जुना शेरा लिहिणे म्हणजे भोगून झालेली शिक्षा पुन्हा नव्याने सुरू करणे. पण त्याच कचेरीतल्या कपाटात प्रवेशाचे रजिस्टर असते. त्यातले नाव, आडनाव, जन्मतारीख वरिष्ठांच्या लेखी परवानगीवाचून मुख्याध्यापकालाही खोडता येत नाही. दाखला मुलाबरोबर गावोगाव जातो, रजिस्टर जागचे हलत नाही. एक पुढे जाऊ देण्यासाठी, दुसरे विसरू न देण्यासाठी. चांगली शाळा चालवायला दोन्ही लागतात. मला वाटते, चांगला समाज चालवायलाही दोन्ही लागतात.

ज्यूलिएट ह्यूमला १९५९ साली मिळाला तो दाखला होता. खटल्याचे कागद, वृत्तपत्रांचे अंक, न्यायालयाचा निकाल हे रजिस्टर क्राइस्टचर्चमध्ये होतेच. तिने ते जाळले नाही, जाळणे तिच्या हातातही नव्हते. मग १९९४ साली कपाट उघडून दाखल्यावर शेरा मारणाऱ्यांनी काय साधले? धोक्याची सूचना दिली, असे म्हणता येत नाही. ज्याच्यापासून पुढच्या वर्गातल्या मुलांना खरोखर धोका आहे, त्याच्याविषयी पुढच्या मुख्याध्यापकाला आधी सांगावेच लागते. तिथे गप्प राहणे हा अपराध ठरेल. पण पस्तीस वर्षे जिने कोणाला दुखवले नाही, तिच्यापासून कोणता धोका होता? तिची पहिली भीती वृद्ध आईसाठी होती, असे तिने पुढे सांगितले. म्हणजे कुतूहलापलीकडे त्या शोधाने फारसे काही साधले नाही. कुतूहल हा अपराध नाही, पण तो अधिकारही नाही.

इथवर मी आरोपीच्या बाजूने बोललो. आता दुसऱ्या बाजूला जातो, कारण आपली परंपरा या बाबतीत अगदी सरळ नाही.

खून केलेला माणूस नव्या नावाने लेखक झाला, ही गोष्ट आपल्याला परकी नाहीच. आपल्या आदिकवीचीच ती लोकप्रिय कथा आहे. वाल्या कोळी वाटसरूंना मारी आणि प्रत्येक बळीमागे एक खडा रांजणात टाकी. सात रांजण भरले. नारदाने विचारले, या पापात घरचे वाटेकरी होतील का? बायकोमुलांनी हात झटकले. मग उलटे सुलटे नाव जपत तो बसला, अंगावर वारूळ चढले, आणि त्या वारुळावरून नवे नाव मिळाले, वाल्मीकि. आपण ही कथा मुलांना हौसेने सांगतो. पण दोन गोष्टींकडे आपले लक्ष जात नाही. पहिली अशी, की वाल्मीकींचे जुने नाव कधीच लपवलेले नाही. ‘वाल्याचा वाल्मीकि झाला’ हे एका दमात म्हणायचे वाक्य आहे. नवे नाव जुन्याला झाकत नाही, जुन्याच्या खांद्यावर उभे राहते. आणि दुसरी गोष्ट, रांजणातल्या खड्यांची. सात रांजण खडे आपण मोजले, पण त्यांतल्या एकाही खड्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. कोण होते ते वाटसरू? कोणाची वाट पाहणारे कोणी घरी होते का? कथेला त्याची गरज वाटली नाही. पश्चात्तापाची कथा ही पापी माणसाची कथा असते. ज्याचा जीव गेला तो तिच्यात खडा होऊन पडतो.

क्राइस्टचर्चच्या खड्याला नाव होते, आणि त्या नावाचे काय झाले हे ऐकण्यासारखे आहे. ती बाई संसारभर ऑनोरा रीपर म्हणून ओळखली गेली. नवरा हर्बर्ट रीपर मासळीच्या दुकानाचा व्यवस्थापक. शेजारीपाजारी, शाळेत, सगळीकडे ती मिसेस रीपर. घरात भाडेकरू ठेवून ती खर्चाला हातभार लावी. खुनाच्या तपासात असे निघाले, की हर्बर्टशी तिचा विवाह कायद्याने झालेलाच नव्हता. वीस-पंचवीस वर्षांचा संसार एका कागदावाचून होता. मग आरोपपत्रात, निकालात आणि पुढच्या सगळ्या इतिहासात तिचे माहेरचे नाव लागले, ऑनोरा पार्कर. मुलगीही त्या दिवसापासून पॉलिन पार्कर झाली. तेव्हा या प्रकरणात नावे बदलली ती मुलींचीच नव्हेत. जिला मारले तिचेही नाव बदलले. मारणाऱ्यांनी पुढे स्वतःचे नाव स्वतः निवडले. मरणारीने जे नाव आयुष्यभर जपले, ते मात्र मेल्यावर तिच्याकडून काढून घेतले गेले. लग्नात ताम्हनातल्या तांदळांवर अंगठीने नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याकडे होती, कुठे कुठे अजून आहे. बाईच्या नावावर तिचा स्वतःचा हक्क किती थोडा असतो, हे आपल्या घरांतल्या जुन्या बायकांना सांगावे लागत नाही. पण ऑनोराबाईंच्या वाट्याला आले ते त्याहून कठोर होते.

जुन्या धर्मशास्त्राचे मत पाहावे तर मनुस्मृतीचा अकरावा अध्याय प्रायश्चित्तांचा आहे. त्या ग्रंथातल्या कितीतरी गोष्टी आपण नाकारल्या आहेत आणि नाकारल्या पाहिजेत. पण पापातून सुटण्याचे जे मार्ग तिथे सांगितले आहेत ते विचार करण्याजोगे आहेत. अनुताप, तप, अध्ययन हे आहेतच. पण त्यांच्याही आधी ख्यापन आहे. ख्यापन म्हणजे आपण केले ते लोकांत उघड सांगणे. ब्रह्महत्या करणाऱ्याने तर कवटी खूण म्हणून बाळगून वनात राहावे आणि भिक्षा मागून जगावे, असे आहे. त्या खुणेवरून हा कोण, हे दुरूनही कळावे. नवे नाव घेऊन दुसऱ्या गावात जाण्याची सोय त्यात नाही. या मापाने अ‍ॅन पेरीचे प्रायश्चित्त अपुरे ठरते. अनुताप होता, तुरुंगात गुडघे टेकून आपण पापाची कबुली दिली आणि आपली जागा तिथेच होती, असे तिने पुढे अनेकदा सांगितले. तप म्हणावे तर कामाची शिस्त होती. अध्ययन तर होतेच. पण ख्यापन तिने आपणहून केले नाही. ते तिच्याकडून करवून घेतले गेले.

मात्र त्याच नियमात आणखी एक शब्द आहे आणि त्याच्याकडे कवटी मागणारे डोळेझाक करतात. बारा वर्षे. त्या काळाच्या मोठ्यात मोठ्या पापाच्या प्रायश्चित्तालाही मुदत होती. बारा वर्षांनी कवटी खाली ठेवायची आणि माणसांत परत यायचे. ज्या समाजाला खूण हवी, त्याने मुदतही सांगितली पाहिजे. खूण जन्मभर आणि शिक्षा मात्र पाच वर्षांची, असे होऊ लागले, तर खरी शिक्षा न्यायालय देत नाही, बाजार देतो. आणि बाजाराला मुदत ठाऊक नसते. १९५४ साली भरलेल्या न्यायालयात, साऱ्या जगाच्या वार्ताहरांसमोर, त्या दोन मुलींचे ख्यापन झाले होते. चाळीस वर्षांनी पुन्हा ते मागणे हा न्याय नव्हता.

मग अ‍ॅन पेरीकडून काही येणे होते की नाही? माझ्या मते एक गोष्ट होती, आणि ती नावाशीच निगडित आहे. १९९४ नंतर तिने मुलाखती दिल्या, तिच्यावर माहितीपटही निघाला. त्यांत आपली लहानपणची एकाकी वर्षे, मैत्रिणीचे ऋण, मैत्रीण जिवाचे काही करील ही धास्ती, तुरुंगातली थंडी, नाव फुटण्याची भीती हे सगळे येते. जिला मारले त्या बाईविषयी फार थोडे येते. हे मला खटकते. नवे नाव घेणाऱ्याला जुने नाव जगाला सांगण्याची सक्ती नाही. पण मारले त्याचे नाव विसरण्याची मुभाही नाही. स्वतःचे नाव टाकता येते. दुसऱ्याचे टाकता येत नाही, कारण ते आपले नसते. संन्यासी नवे नाव घेतो तेव्हा आधी जिवंतपणी स्वतःचे श्राद्ध घालतो. त्याचा अर्थ एवढाच, की त्याने आपले येणे सोडले. देणे सोडले असा अर्थ त्यातून कोणी काढू नये.

दुसऱ्या मुलीचे काय झाले? तीही नाव बदलून इंग्लंडात राहिली आणि १९९७ साली तिचाही पत्ता वृत्तपत्रांनी काढला. तिचे नवे नाव छापून आले आहे. पण मी ते इथे लिहिणार नाही. तिने पुस्तके लिहिली नाहीत, लोकांसमोर कधी उभी राहिली नाही. लेखक आपले नाव मुखपृष्ठावर घालून लोकांच्या हाती देतो, तेव्हा त्या नावाविषयी चार प्रश्न विचारले जाणार हे तो पत्करतो. जिने कधी कोणाच्या हाती नाव दिलेच नाही, तिच्याकडून ते हिसकावून घेणे वेगळे.

या भागात राहणाऱ्या आपल्याला नावाची ही दुहेरी नाती समजायला अवघड नाहीत. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे नाव सरकारी कागदोपत्री बेळगावी झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. घरात, बाजारात जुने नाव चालूच राहिले. तेच दप्तर घेऊन जाणारे पोर शाळेत एका नावाने गाव लिहिते आणि आजीशी दुसऱ्या नावाने बोलते. ते खोटे बोलत नाही. दोन नावे बाळगून सरळ जगता येते, हे आपण रोज पाहतो. पण त्यासाठी एक अट असते, जमिनीशी इमान राखण्याची.

हा प्रश्न दूरदेशीच्या लेखिकेपुरता नाही. शिक्षा भोगून सुटलेला माणूस प्रत्येक तालुक्यात असतो. तो आपल्या गावात न राहता चार गावे पलीकडे जातो, चहाचे हॉटेल टाकतो, किंवा कुणाच्या गिरणीत हमालीला लागतो. काही दिवसांनी कोणीतरी ओळखतो, आणि कुजबुज सुरू होते. अशा वेळी आपण काय करावे? मला वाटते, त्याच्या हातचा चहा घ्यावा. त्याच्या मुलाला शाळेत घ्यावे आणि दाखल्यावर बापाचा शेरा लिहू नये. नदीचे मूळ न विचारण्याची म्हण याच माणसासाठी आहे.

पण त्याच वेळी, ज्या घरातला माणूस गेला त्या घरी जाऊन ‘झाले गेले विसरा’ असे सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपली क्षमा आपण द्यावी. त्यांची क्षमा त्यांच्या वतीने वाटून टाकू नये. त्यांच्या रजिस्टरला हात लावणारे आपण कोण? पितृपक्षात ती माणसे पाण्यात तीळ सोडतात, तेव्हा गेलेल्याचे नाव आणि गोत्र घेऊन सोडतात. तिथे टोपणनाव चालत नाही, बदललेले नाव चालत नाही, आणि ‘कोणी एक’ असे म्हणून तर मुळीच भागत नाही. जिवंत माणसाला आपण हवे तर नवे नाव देऊ. ते देण्यात आपला मोठेपणा आहे. गेलेल्याला मात्र त्याच्याच नावाने हाक मारायची, एवढे सांभाळले तरी पुष्कळ झाले.